कोणाला बोलवावं लागतं?

नागपूरजवळच्या बुटीबोरीत कारखान्याची लाइन थांबली की पहिलं वाक्य कानावर येतं ते "अरे, त्याला बोलव" हे. हिंगणा एमआयडीसीतल्या छोट्या शॉपमध्ये तेच, इतवारीतल्या व्यापाऱ्याच्या पेढीवर तेच, मिहानमधल्या ऑफिसातही तेच. नोकरी टिकवायची, पुढे सरकायचं तर नेमकं काय शिकायचं, या प्रश्नाचं उत्तर मला या एका वाक्यात दिसतं. तुमचं काम जिथे अडतं आणि ज्या माणसाला हाक मारावी लागते, त्याचं काम शिका. ते तुमच्या कामाच्या सगळ्यात जवळचं असतं, त्याची गरज त्याच छपराखाली असते, आणि शिकवणारा दहा फुटांवर उभा असतो.

कोर्सची फी भरण्याआधी हे शोधून काढा. एक साधी वही पुरते. बारा पाळ्या, म्हणजे साधारण दोन आठवडे, पाळी सुटताना पाच मिनिटं बसायचं आणि चार रकाने भरायचे: तारीख, काम, कुठे अडलं, कोणाला बोलवलं. बाराव्या दिवशी चौथ्या रकान्यातली नावं मोजा. जे नाव सगळ्यात जास्त वेळा आलं, त्याच्याकडे तुमचा पुढचा धडा आहे. आणि त्या नावासमोर तिसऱ्या रकान्यात काय काय लिहिलंय ते एकाखाली एक वाचलं की अभ्यासक्रम आपोआप तयार होतो. फक्त नोंद नेमकी हवी. "मशीन बंद" एवढंच लिहिलं तर त्यातून काहीच हाती लागत नाही. "टूल ३ तुटला, नवीन लावल्यावर साइज मोठा" असं लिहिलं तर लागतं.

सीएनसी टर्निंगवरच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवरच्या, ऑपरेटरचं घ्या. तो जॉब (कापायचा तुकडा) लावतो, सायकल स्टार्ट दाबतो, पीस काढतो, मोजतो. साइज हलला की मशीन जुळवून देणाऱ्या सेटरला हाक. सेटर येतो, दोन बटणं दाबतो आणि जातो. त्या दोन बटणांत काय आहे, हे समजून घेतलं तर निम्म्या हाका बंद होतात.

समजा बाहेरचा व्यास ४०.०० हवा आहे आणि मायक्रोमीटरवर ४०.०४ आला. वेअर ऑफसेटच्या (टूल झिजल्यावरची दुरुस्ती लिहायच्या) पानावर त्या टूलच्या एक्स रकान्यात ०.०४ कमी करायचे. लेथवर एक्स साधारणपणे व्यासाच्या हिशेबात असतो, त्यामुळे आकडा अर्धा करायचा नाही. इथपर्यंत सोपं. पण फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर दोन वेगळ्या सोयी असतात, 'इनपुट' आणि 'प्लस इनपुट'. पहिली जुना आकडा पुसून नवा टाकते, दुसरी जुन्यात मिळवते. रकान्यात आधीच उणे ०.१० असेल आणि तुम्ही उणे ०.०४ लिहून नुसतं 'इनपुट' दाबलंत, तर ऑफसेट उणे ०.१४ व्हायच्या ऐवजी उणे ०.०४ होतो आणि पुढचा पीस ४०.१० चा निघतो. बाहेरचा व्यास मोठा निघाला तर निदान पुन्हा काटता येतो. बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा झाला तर पीस सरळ भंगारात. म्हणून बदलण्याआधी जुना आकडा वहीत लिहायचा, बदलल्यावर नवा लिहायचा, आणि पुढचा पीस मोजल्याशिवाय तिसरा लावायचा नाही.

हे हाताला बसलं की पुढचा टप्पा नवा जॉब लावण्याचा. सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे मऊ जबडे) बोअर करणं, वर्क झिरो (मापाचा शून्य बिंदू) घेणं, प्रत्येक टूलची जिऑमेट्री (टूल कुठे आहे ते सांगणारे आकडे) टाकणं, मग सिंगल ब्लॉक (एका वेळी प्रोग्रामची एकच ओळ) चालू ठेवून आणि रॅपिड (टूलची वेगवान चाल) २५ टक्क्यांवर आणून पहिला पीस काढणं. धडकेची भीती याच पहिल्या पिसात असते. दशांश चिन्ह विसरलं, किंवा मागच्या जॉबचा ऑफसेट तसाच राहिला, एवढ्यानं टूल धरणारा टरेट जॉब पकडणाऱ्या चकवर जाऊन आदळतो. ज्याला हा क्रम चुकवायचा मोह होत नाही, तोच सेटर.

वहीतली चांगली नोंद कशी असते, त्याचा एक नमुना देतो. त्यात ईएन८ हे स्टीलचं नाव आहे आणि एच७ ही मापात किती फरक चालतो त्याची श्रेणी. "ईएन८, बोअर ४० एच७, मर्यादा ४०.००० ते ४०.०२५. आत थरथरीचे वण. बोअरिंग बार २० मिमीचा, होल्डरबाहेर ११० मिमी. बार आत घेऊन ८० केला. वण गेले, फीड वाढवता आला. सायकल १४ मिनिटांवरून साडेअकरा." स्टीलचा बार त्याच्या व्यासाच्या साधारण चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढला की तो थरथरायला लागतो. ११० म्हणजे साडेपाच पट, ८० म्हणजे चार पट. कारण कळलं म्हणून उपाय सापडला. आठ तासांच्या पाळीत जेवणाचा अर्धा तास सोडला तर ४५० मिनिटं उरतात. १४ मिनिटांना ३२ नग, साडेअकराला ३९. पगारवाढीच्या बैठकीत "मी खूप मेहनत करतो" म्हणणारे दहा असतात. "३२ चे ३९ केले, आणि हे असं केलं" म्हणणारा एखादाच असतो, आणि त्याचं ऐकून घ्यावंच लागतं.

आता मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन. वायरिंग, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले यात तो पक्का असतो. पण पॅनेलमध्ये पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) आला आणि स्क्रीनवर "प्रेशर ट्रान्समीटर फॉल्ट" दिसलं की इन्स्ट्रुमेंटवाल्याला फोन. इथे शिकायची पहिली गोष्ट लॅडर डायग्राम, म्हणजे पीएलसीचा प्रोग्राम, नाही असं माझं ठाम मत आहे. पहिली गोष्ट ४ ते २० मिलिअँपिअरचा लूप, म्हणजे मोजलेला दाब करंटच्या रूपात पीएलसीपर्यंत नेणारी तार. ट्रान्समीटर ० ते १० बारचा असेल तर शून्य बारला ४, पाच बारला १२ आणि दहा बारला २० मिलिअँपिअर येतात. शून्याला शून्य का ठेवलं नाही? कारण तार तुटली तर करंट शून्य होतो. खरोखरच दाब नाही की तार तुटलीय, हे त्या ४ मुळे वेगळं ओळखता येतं. एवढं डोक्यात बसलं की निम्मा तपास झालाच. मीटरवर ४ आणि २० च्या मधला, गेजशी जुळणारा आकडा आला तर ट्रान्समीटर आणि तार ठीक, दोष पीएलसीच्या कार्डात किंवा स्केलिंगमध्ये (करंटचा बार करायच्या हिशेबात). शून्य आला तर तार, टर्मिनल किंवा २४ व्होल्टचा पुरवठा बघा.

मोजताना मीटर लूपच्या मालिकेत घालायचा असतो. करंटच्या सेटिंगवर ठेवलेला मीटर चुकून २४ व्होल्टच्या दोन टोकांवर लावला की मीटरचा आतला फ्यूज जातो. नुकसान तिथेच थांबत नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा कोणीतरी तोच मीटर घेतो, शून्य वाचतो आणि तार तुटली समजून तासभर केबल ट्रे शोधत बसतो. म्हणून तपासाआधी मीटरचा फ्यूज बघायची सवय लावा. लॅडर, टायमर, काउंटर, ड्राइव्हचे (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राचे) पॅरामीटर हे त्यानंतर. आणि कोणताही पॅरामीटर बदलण्याआधी जुन्या आकड्यांची यादी किंवा बॅकअप घेतलाच पाहिजे. यात सूट नाही.

आयटीमध्येही हाच रकाना भरतो. सपोर्टच्या पहिल्या पायरीवर बसलेल्यानं तक्रारीचं तिकीट वर ढकलताना ते कोणाकडे आणि का गेलं हे लिहून ठेवावं. डेटाबेसवाल्याकडे जात असेल तर एसक्यूएलमधले (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेतले) जॉइन, म्हणजे दोन तक्ते जोडणं, आणि लॉग, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, वाचणं, याच दोन गोष्टींवर महिना घालवावा. पासवर्ड रीसेटसारखी ठरीव उत्तरं आता सॉफ्टवेअर देऊ लागलंय. "हे नेमकं का झालं" याचं उत्तर शोधणारा माणूस मात्र अजून लागतो.

पण या बदलाचा सगळ्यात स्वच्छ नमुना इतवारी, गांधीबाग, सीताबर्डीतल्या अकाउंटंटच्या टेबलावर दिसतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. बिलं टॅलीत चढवणं हे काम तोवरही होतं, आजही आहे, पण त्याची किंमत उतरलीय. महत्त्व आलंय ते जुळवणीला. मासिक रिटर्न भरणाऱ्या व्यापाऱ्याचं गणित असं: पुरवठादार ११ तारखेपर्यंत त्याच्या विक्रीचा जीएसटीआर-१ भरतो, १४ ला आपल्याला त्यातून बनलेली आपल्या खरेदीची यादी, म्हणजे जीएसटीआर-२बी, मिळते, २० ला कर भरायचा रिटर्न, म्हणजे ३बी, भरायचा. म्हणजे हाताशी सहा दिवस. १ जानेवारी २०२२ पासून २बी मध्ये बिल दिसलं तरच त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेता येतं. न दिसलेल्या बिलाचा कर मालकाच्या खिशातून जातो, म्हणून या सहा दिवसांत सीएंच्या ऑफिसला सारखे फोन होतात. ते फोन कमी करणारा अकाउंटंट मालक सोडत नाही.

जुळवणी करताना अडतं ते बिल नंबरवर. आपल्या पुस्तकात "१२/२४-२५" आणि पोर्टलवर "००१२-२४२५" असेल तर एक्सेलला ती दोन वेगळी बिलं वाटतात. म्हणून दोन्ही याद्यांत बिल नंबरचा एक जास्तीचा रकाना घ्या. त्यात रेघा, तिरप्या रेघा, मोकळ्या जागा आणि सुरुवातीची शून्यं काढून टाका. मग पुरवठादाराचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) आणि हा साफ केलेला नंबर जोडून एक चावी बनवा आणि तिच्यावर जुळवा. करात एक रुपयापर्यंतचा फरक सोडून द्या, तो रक्कम पूर्णांकात घेतल्यामुळे पडतो. तीन ढीग पडतील. दोन्हीकडे आहे तो बाजूला ठेवा. पोर्टलवर आहे पण पुस्तकात नाही, ती बिलं गोदामात किंवा मालकाच्या ड्रॉवरमध्ये सापडतात. पुस्तकात आहे पण पोर्टलवर नाही, हा ढीग खरा. पुरवठादारानं बिल जीएसटी नंबर नसलेल्या किरकोळ ग्राहकांच्या बिलांत टाकलेलं असतं, दुसऱ्याच्या जीएसटीआयएनवर चढवलेलं असतं, किंवा पुढच्या महिन्यात भरणार असतो. त्याला "तुमचा रिटर्न चुकलाय" म्हणून भागत नाही. बिल नंबर, तारीख, कराची रक्कम आणि नेमकी चूक एका ओळीत लिहून व्हॉट्सअ‍ॅप करा, म्हणजे त्याच्या माणसाला दोन मिनिटांत सापडतं. राहिलेलं क्रेडिट घ्यायला आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत असते, तीही या यादीच्या माथ्यावर लिहून ठेवा.

शिकवायला कोणी तयार होत नाही, ही तक्रार सगळीकडे आहे आणि ती खोटी नाही. ज्याला बोलवलं जातं त्याची किंमत त्या बोलावण्यातच असते, मग तो ती का वाटेल? मात्र विचारण्याच्या पद्धतीनं खूप फरक पडतो. "भाऊ, मला सेटिंग शिकवा" हे फार मोठं मागणं झालं. "भाऊ, उद्या नवा जॉब लावाल तेव्हा मी तुमच्यासोबत जॉ बोअर करू लागतो, तुम्ही नुसतं पाहा" हे त्याचं काम हलकं करणारं मागणं आहे. एका वेळी एकच गोष्ट विचारा, समोरच वहीत लिहा, आणि तीच पुन्हा विचारायची वेळ येऊ देऊ नका. रात्रपाळीत सेटर मोकळा असतो, त्या वेळेचा उपयोग करा. सुपरवायझर साहेबांच्या कानावरही घालून ठेवा. न सांगता ऑफसेटला हात लावलात आणि पीस गेला तर शिकण्याचं कौतुक कोणी करणार नाही.

कागदाची पायरीही लागतेच. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो, आणि डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात. श्रद्धानंदपेठेतल्या सरकारी आयटीआयमधून सदरच्या सरकारी पॉलिटेक्निकपर्यंतची ही वाट जुनी आहे. अडचण गणिताची असते. पहिलं वर्ष वगळल्यामुळे त्रिकोणमिती, लॉगॅरिदम आणि मॅट्रिक्स कधी शिकवलेलेच नसतात, आणि दुसरं वर्ष ते येतात असं धरून चालतं. प्रवेशाआधीचे दोन महिने फक्त या तीन गोष्टींना द्या. अप्रेंटिसशिप केली असेल तर शेवटची परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात घ्याच. कंपनीनं दिलेला "इतके महिने काम केले" असा कागद त्याची जागा घेत नाही.

चांगली कंपनी मिळाली की आयुष्य मार्गी लागलं, असं घरातली मोठी माणसं अजून म्हणतात. त्यांच्या डोळ्यांसमोर गिरण्या असतात. एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. तिनं कामगारांसाठी १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला, आणि सूत कातायच्या नव्या रिंग चात्या तिनं इतरांच्या खूप आधी वापरून पाहिल्या. तीही २००२ मध्ये बंद झाली. गांधीसागर तलावाजवळ त्या जागेवर आता मॉल आहे. इतकी पुढारलेली गिरणी जर टिकली नाही, तर आपल्या नोकरीचा हिशेब आपल्याकडे असलाच पाहिजे.

तो हिशेब मोडतो पीएफमध्ये. एमआयडीसीत ठेकेदार दरवर्षी बदलतो, माणूस त्याच मशीनवर राहतो, आणि नवा ठेकेदार घाईत नवाच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) काढून देतो. रुजू होताना फॉर्म ११ मध्ये जुना बारा अंकी यूएएन लिहिला नाही तर हेच होणार. मग सेवा दोन तुकड्यांत पडते. तुमच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुम्ही भरता, १२ टक्के मालक भरतो. मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, पण १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. उरलेलं पीएफमध्ये. पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते, आणि ती वेगवेगळ्या मालकांकडची मिळून धरली जाते, जर ती जोडलेली असेल तर. १५,००० पगार आणि दहा वर्षं असतील तर १५,००० गुणिले १० भागिले ७०, म्हणजे महिन्याला सुमारे २,१४३ रुपये. नोकरी सुटली की पेन्शनचे पैसेही काढून टाकणाऱ्याची ती वर्षं पुसली जातात आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते.

पीएफ ट्रान्सफर केल्यावर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं आणि लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही. पेन्शनमध्ये रक्कम सरकत नाही, सेवेची वर्षं सरकतात. ती सर्व्हिस हिस्टरीत दिसायला हवीत, तिथे बघा. पाच वर्षांच्या आत पन्नास हजारांपेक्षा जास्त काढले तर टीडीएसही कापला जातो, आणि ही पाच वर्षंसुद्धा ट्रान्सफर केलेल्या सेवेसकट मोजतात. काढून घेण्याऐवजी खात्यात राहू दिलेले ४० हजार ही काही मोठी रक्कम वाटत नाही, पण ८.२५ टक्के दर कायम राहिला तर वीस वर्षांत त्याचे सुमारे १ लाख ९५ हजार होतात.

ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं पूर्ण व्हायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता १८,००० असेल आणि सात वर्षं झाली असतील तर १८,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ७, म्हणजे ७२,६९२ रुपये. दोन हजार पगार जास्त मिळतो म्हणून पाच वर्षांना तीन महिने कमी असताना राजीनामा देणाऱ्यानं स्वतःचा असाच आकडा आधी मांडून पाहावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवे श्रम कायदे लागू झाले. त्यांत ठराविक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, नेमणूकपत्र सगळ्यांना द्यायचं आहे, आणि नोकरी सुटल्यावर राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. नेमणूकपत्र हातात नसेल तर आजच मागा, तेही लेखी.

शेवटच्या दिवशी रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या वेतन पावत्या घेऊन निघा. अनुभवपत्रात नुसतं "ऑपरेटर" नको. कोणतं मशीन, कोणता कंट्रोल, सेटिंग स्वतः करत होता का, हे दोन ओळींत लिहून मागा. मसुदा तुम्हीच करून द्या, एचआरला तेवढा वेळ नसतो. तुमची वही तुमची, पण कंपनीचं ड्रॉइंग, प्रोग्राम किंवा ग्राहकाची यादी तिच्यात नको, फोटो तर मुळीच नको. वहीत ग्राहकाचं नाव असेल तर ते खोडा. मटेरिअल, मर्यादा आणि उपाय तेवढे राहू द्या.

त्यानंतर दोन महिने थांबून पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडा. सोडल्याची तारीख कंपनीनं भरली नसेल तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी 'मॅनेज'मध्ये जाऊन 'मार्क एक्झिट' स्वतः करता येतं. त्यासाठी आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल चालू हवा. तारीख टाकताना नव्या कंपनीतल्या रुजू तारखेच्या पुढची टाकू नका, दोन नोकऱ्या एकमेकींवर चढलेल्या दिसल्या की ट्रान्सफर अडकतं. आधी रिलीव्हिंग लेटर समोर ठेवा आणि त्यावरचीच तारीख भरा.